तारे जसेच्या तसे का दिसतात? एका प्रश्नाची पार्श्वभूमी

विश्वात आपल्याहून फार प्रगत संस्कृती किंवा अतिबुद्धिमान यंत्रे असतील, तर आकाशातले तारे कोणीही हात न लावल्यासारखे का दिसतात, या प्रश्नाची ही पार्श्वभूमी. १९५० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे एन्रिको फर्मी, एडवर्ड टेलर, हर्बर्ट यॉर्क आणि एमिल कोनोपिन्स्की हे चार भौतिकशास्त्रज्ञ फुलर लॉजमध्ये जेवायला निघाले होते. वाटेत उडत्या तबकड्यांचा विषय निघाला आणि मागेही पडला. जेवण चालू असताना फर्मींनी एकदम विचारले, ‘पण मग सगळे आहेत कुठे?’ टेबलाभोवती हशा पिकला, कारण ‘सगळे’ म्हणजे परग्रहवासी, हे कोणालाही विचारावे लागले नाही. फर्मींनी स्वतः या विषयावर काहीच लिहिले नाही. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्या दुपारच्या आठवणी एरिक जोन्स यांनी ऐंशीच्या दशकात उरलेल्या तिघांकडून पत्रांद्वारे मिळवल्या.

ज्याला आज ‘फर्मीचा विरोधाभास’ म्हणतात, त्याची खरी मांडणी मायकेल हार्ट यांनी १९७५ मध्ये केली: इतर संस्कृती असतील, तर त्या एव्हाना इथे पोहोचायला हव्या होत्या, मग त्या दिसत का नाहीत? आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. प्रकाशाच्या एक दशांश वेगाने ती ओलांडायला दहा लाख वर्षे लागतील, वाटेत थांबत-वसत गेल्यास याच्या दहापट धरू. तरीही एक हजार कोटी वर्षांहून अधिक वयाच्या आकाशगंगेच्या दृष्टीने हा काळ किरकोळच आहे. ‘त्यांना यायचे नसेल’ किंवा ‘ते आपसात लढून संपले असतील’ ही उत्तरे हार्ट यांना पुरेशी वाटली नाहीत, कारण असे उत्तर एका संस्कृतीला लागू पडून भागत नाही, ते प्रत्येक संस्कृतीला आणि प्रत्येक काळात लागू पडावे लागते. माझ्या मते या संपूर्ण वादातला सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे.

तोपर्यंत शोधाचा भर ऐकण्यावर होता. १९५९ मध्ये ज्युसेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन यांनी हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेवर परग्रहवासीयांचे रेडिओ संदेश शोधावेत असे सुचवले. (हायड्रोजनची हीच वारंवारता नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांतही महत्त्वाची आहे.) पुढच्याच वर्षी फ्रँक ड्रेक यांनी ग्रीन बँक येथून दोन जवळच्या ताऱ्यांकडे कान लावला. १९६७ मध्ये केंब्रिजला संशोधक विद्यार्थिनी जोसलिन बेल रेडिओ दुर्बिणीचा रोजचा सुमारे तीस मीटर आलेख-कागद डोळ्यांखालून घालत असताना त्यांना त्यावर एक बारीकशी खरखर दिसली. ती सव्वा सेकंदाहून थोड्या अधिक अंतराने, घड्याळासारखी नियमित येत होती. त्या स्रोताला गमतीने ‘छोटी हिरवी माणसे’ या नावाची आद्याक्षरे देण्यात आली, पण तो निघाला स्पंदक तारा, म्हणजे वेगाने फिरत ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदने देणारा तारा. तेव्हापासून या क्षेत्राला एक शिस्त लागली, ती म्हणजे नैसर्गिक कारणे संपल्याशिवाय कृत्रिम कारण मान्य करायचे नाही.

संदेश पाठवणे ही मात्र ऐच्छिक बाब आहे, उष्णता टाकणे ऐच्छिक नाही. फ्रीमन डायसन यांनी १९६० मध्ये नेमके हेच दाखवले. एखाद्या संस्कृतीची ऊर्जेची गरज वाढत गेली, तर ती आपल्या ताऱ्याभोवती संग्राहकांचे आवरण उभारून त्याचा जवळजवळ सगळा प्रकाश वापरू शकेल. परंतु वापरलेली ऊर्जा नाहीशी होत नाही, ती शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतेच, आणि तो तारा दृश्य प्रकाशात मंद, पण अवरक्त म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, उष्णतेच्या प्रकाशात, दहा मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास, तेजस्वी दिसेल. त्या संस्कृतीची भाषा, हेतू किंवा स्वभाव यांपैकी काहीही आपल्याला ठाऊक असण्याची गरज नाही. उष्मागतिकीचे, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेचे, नियम त्यांनाही चुकणार नाहीत. १९६४ मध्ये निकोलाय कार्दाशेव यांनी ग्रह, तारा आणि संपूर्ण दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) यांच्या ऊर्जावापरानुसार संस्कृतींच्या तीन पायऱ्या कल्पिल्या.

अशी ऊर्जा वापरणारी माणसांसारखी संस्कृतीच असेल असे नाही, यंत्रेही असू शकतील. याच सुमारास, १९६५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात ॲलन ट्युरिंग यांच्यासोबत काम केलेले गणितज्ञ आय. जे. गुड यांनी मानवाहून बुद्धिमान यंत्र स्वतःहून सरस यंत्र घडवील, ते आणखी सरस घडवील, अशी शृंखला मांडली. फ्रँक टिपलर यांनी १९८० मध्ये स्वतःचीच प्रत तयार करणाऱ्या यंत्राची, गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी मांडलेली कल्पना अंतराळात नेली आणि अशी एक जरी संस्कृती झाली असती तरी तिची यंत्रे आतापर्यंत आपल्या सूर्यमालेत पोहोचली असती, असा युक्तिवाद केला. कार्ल सेगन आणि विल्यम न्यूमन यांनी १९८३ मध्ये त्याला उत्तर देताना, आवरता न येणारी यंत्रे कोणतीही शहाणी संस्कृती बांधणार नाही, असे म्हटले. पण इथे हार्ट यांची अट पुन्हा आडवी येते: सगळ्यांनीच शहाणे असावे लागते.

रॉबिन हॅन्सन यांनी १९९६ मध्ये या कोड्याला ‘महाचाळणी’ हे रूप दिले. निर्जीव द्रव्यापासून ताऱ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या संस्कृतीपर्यंतच्या वाटेत कुठेतरी जवळजवळ कोणीच पार न करणारी पायरी असली पाहिजे. ती आपल्या मागे आहे की पुढे, हा खरा प्रश्न. २०२४ मध्ये मायकेल गॅरेट यांनी कृत्रिम बुद्धिमत्ता हीच ती चाळणी असू शकेल असे सुचवले. ही शक्यता गंभीर आहे, पण तिच्यात एक उणीव राहते असे मला वाटते. अतिबुद्धिमान यंत्राने आपल्या निर्मात्यांचा नाश केला, तरी यंत्र स्वतः उरतेच. त्यालाही ऊर्जा लागेल आणि त्याचीही उष्णता बाहेर पडेल. निर्माते आणि यंत्र दोघेही संपत असतील तरच आकाशातल्या शांततेचे स्पष्टीकरण मिळते.

आणि ती शांतता मोजली गेली आहे. ‘वाइज’ या अवरक्त उपग्रहाच्या निरीक्षणांतून सुमारे एक लाख दीर्घिका तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष आला की, आपल्या ताऱ्यांच्या प्रकाशापैकी ८५ टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेत बदलणारी एकही दीर्घिका त्यांत नाही. २०१८ मध्ये अँडर्स सँडबर्ग, एरिक ड्रेक्सलर आणि टोबी ऑर्ड यांनी ड्रेक यांच्या समीकरणातील, म्हणजे आकाशगंगेतील संस्कृतींची संख्या अजमावणाऱ्या गुणाकारातील, प्रत्येक घटकाची खरी अनिश्चितता धरून गणित केले, तेव्हा दृश्य विश्वात आपण एकटेच असण्याची शक्यता ३९ ते ८५ टक्के निघाली. एवढी शक्यता असेल तर रिकाम्या आकाशात विरोधाभास उरत नाही.

शोध थांबलेला नाही. २०२४ मध्ये आपल्या आकाशगंगेतील सुमारे पन्नास लाख तारे चाळून, डायसन यांनी वर्णन केल्याप्रमाणे जादा उष्णता देणारे सात उमेदवार निवडण्यात आले. सातही लहान, तांबडे तारे. काही महिन्यांतच त्यांपैकी तिघांच्या जागी रेडिओ स्रोत आढळले, आणि ती उष्णता त्याच दिशेला, फार मागे असलेल्या धुळीने भरलेल्या दीर्घिकांची असावी, असे स्पष्टीकरण पुढे आले.