एका प्रोसेसरचं गृहीतक: कर्नलमधल्या लॉकांची पार्श्वभूमी

युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टम घडली ती एकाच प्रोसेसरच्या मशीनवर, आणि ती गोष्ट तिच्या कोडमध्ये जागोजागी न लिहिता मुरलेली होती. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात, शिरलेली प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) स्वतःहून थांबेपर्यंत तिथे दुसरी येणार नाही, हे धरूनच चाललेलं असायचं. भीती फक्त इंटरप्टची, म्हणजे चालू काम मधेच तोडणाऱ्या हार्डवेअरच्या हाकेची. ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) लिहिणारा इंटरप्ट बंद करायचा, रांगेतला पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) बदलायचा, इंटरप्ट पुन्हा सुरू करायचा. दुसरा प्रोसेसर आला की एवढ्याने भागत नाही, कारण इंटरप्ट बंद होतात ते आपल्यापुरते. शेजारचा प्रोसेसर त्याच क्षणी तीच रांग बदलत असू शकतो. पुढच्या सगळ्या कामात लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी, लिहिणं त्या मानाने सोपं ठरलं. असली दडलेली गृहीतकं हुडकून काढण्यातच वर्षं गेली.

सुरुवातीला लोकांनी प्रश्नाला वळसा घातला. 1980च्या दशकाच्या आरंभी पर्ड्यू विद्यापीठात जॉर्ज गोबल आणि सहकाऱ्यांनी दोन व्हॅक्स-11/780 प्रोसेसर जोडून त्यावर युनिक्स चालवलं. कर्नलचं काम फक्त मुख्य प्रोसेसरने करायचं आणि दुसऱ्याने वापरकर्त्यांचे प्रोग्रॅम चालवायचे, अशी वाटणी होती. नुसत्या आकडेमोडीला हे उत्तम. सिस्टम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागण्या, वाढले की मात्र सगळा भार मुख्यावर.

कार्नेगी मेलन विद्यापीठात रिचर्ड रशीद यांच्या गटाने दशकाच्या मध्यात ‘माख’ हे कर्नल हाती घेतलं, ते अनेक प्रोसेसर डोळ्यांसमोर ठेवूनच. मेमरीच्या व्यवस्थेतला हार्डवेअरशी बांधलेला भाग त्यांनी ‘पीमॅप’ नावाच्या एका थरात कोंडला. त्यामुळे तेच कर्नल व्हॅक्सवर, सन-3वर आणि सीक्वेंट, एन्कोर या कंपन्यांच्या बहुप्रोसेसर मशीनवरही चाललं. वेगवेगळ्या यंत्रांवर नेता येईल अशा रचनेची ही खरी पायाभरणी, असं मला वाटतं.

युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्सला अनेक प्रोसेसर वापरता येऊ लागले ते जून 1996 मध्ये, 2.0 आवृत्तीत. त्यामागे मुख्यतः ॲलन कॉक्स यांची मेहनत होती. अख्ख्या कर्नलला एकच लॉक: ‘बिग कर्नल लॉक’. कर्नलमध्ये एका वेळी एकच प्रोसेसर, म्हणजे जुनं गृहीतक शाबूत आणि जुना कोडही सुरक्षित. 2.2 आणि 2.4 मध्ये एकेका उपप्रणालीला स्वतःचे स्पिनलॉक (सुटेपर्यंत प्रोसेसर जागेवरच फिरत वाट पाहतो असे लॉक) मिळत गेले. जुने ड्रायव्हर मोडू नयेत म्हणून सगळ्याच प्रोसेसरांवरचे इंटरप्ट एकदम रोखण्याची सोय काही वर्षं ठेवली होती, तीही 2.5 मध्ये गेली.

मोठं लॉक मात्र हटेना. ते घेतलेली प्रोसेस झोपली की आपोआप सुटायचं, जागी झाली की परत लागायचं, आणि तीच प्रोसेस ते पुन्हा पुन्हा घेऊ शकायची. या सवयींवर किती कोड विसंबून आहे, आणि एखाद्या जागी ते नेमकं कशाची राखण करतंय, हे कुठेच नोंदलेलं नव्हतं. प्रत्येक जागा वाचून पटवून घ्यावी लागली. आर्न्ड बर्गमन यांनी मे 2011 मध्ये आलेल्या 2.6.39 मध्ये शेवटचा अवशेष काढला.

लॉकइतकाच अवघड प्रश्न होता मेमरीतल्या क्रमाचा, आणि तो पुढे आणला डेक कंपनीच्या अल्फा प्रोसेसरने. एका प्रोसेसरने नवा नोड (यादीतली एक नोंद) भरला, बॅरिअर (आधीची कामं आधीच दिसतील अशी क्रमाची आडकाठी) टाकला आणि मग त्याचा पॉइंटर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. इतर प्रोसेसरांवर त्या पॉइंटरमागे जाणाऱ्याला भरलेला नोडच दिसतो. अल्फावर पॉइंटर नवा आणि आतला मजकूर जुना, असंही घडू शकायचं. लिनक्सने सामाईक कोड या क्रमाबाबत सर्वांत ढिल्या यंत्राला धरून लिहायचं ठरवलं. वाचणाऱ्या बाजूलाही बॅरिअर आला. अल्फावर त्याची खरी सूचना बनते, एक्स86वर काहीच बनत नाही, त्यामुळे तिथे खर्चही नाही. स्पिनलॉकचंही तसंच: एकाच प्रोसेसरसाठी कर्नल बांधलं की तो जवळजवळ नाहीसा होतो. हा निर्णय मला या इतिहासातला सर्वांत दूरदृष्टीचा वाटतो. सीक्वेंटच्या युनिक्समध्ये रुजलेलं, लॉक न घेता वाचू देणारं ‘आरसीयू’ तंत्र 2002 मध्ये लिनक्समध्ये आलं, ते याच शिस्तीच्या आधारावर. अल्फासाठीचा तो बॅरिअर 4.15 मध्ये मेमरी वाचण्याच्या नेहमीच्या मॅक्रोतच (कोडच्या ठरावीक, नाव दिलेल्या तुकड्यातच) मिसळला गेला, आणि तो आठवणीने टाकण्याची ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची जबाबदारी संपली.