ग्रह पुढून गेला की मागून? अधिक्रमण आणि पिधान

पाम बीच रोडवरच्या दिव्याभोवती पाखरू घिरट्या घालतं. दिव्याच्या पुढून गेलं की उजेड किंचित अडतो. मागे गेलं की दिवा तसाच, फक्त पाखराच्या अंगावरची चमक दिसेनाशी होते. परग्रहांच्या (दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या) बातम्यांत या दोन्हींना सरसकट ‘ग्रहण’ म्हणतात आणि घोटाळा होतो.

ग्रहाने ताऱ्याच्या मागे जाणं म्हणजे पिधान, पुढून जाणं म्हणजे अधिक्रमण. 6 जून 2012 च्या सकाळी शुक्राने सूर्यबिंबावर केलं ते. उजेड किती घटेल? ग्रहाच्या त्रिज्येला ताऱ्याच्या त्रिज्येने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. सूर्यापुढे गुरू आला तर 1 टक्का, पृथ्वी आली तर जेमतेम 0.008. ताऱ्याचा इवलासा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून येतो, त्यावरून वायू ओळखतात. एचडी 209458 बी या परग्रहावरचं सोडियम हबल अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून असंच सापडलं, 2001 मध्ये जाहीर झालं.

फसगत इथेच जास्त. लहान तांबड्या ताऱ्यांवरचे डाग इतके थंड असतात की त्यांच्यातच पाण्याची वाफ असते; ती ग्रहाच्या नावावर जमा होते. वर्णपट (रंगांनुसार मांडलेला प्रकाश) सपाट आला तर आणखी पंचाईत: उंच ढग असले तरी सपाट, हवाच नसली तरी सपाट.

खडकाळ ग्रहाला म्हणून आधी पिधान विचारावं. ग्रह ताऱ्यामागे जाण्याआधीच्या उजेडातून मागे असतानाचा उजेड वजा केला की उरते ग्रहाच्या दिवसाच्या बाजूची उष्णता. ट्रॅपिस्ट-1 बी हा खडकाळ परग्रह दीड दिवसात ताऱ्याभोवती फेरी मारतो. अधिक्रमणात 0.7 टक्के घट, मग साधारण 18 तासांनी पिधान (कक्षा लंबगोल असती तर वेळ सरकली असती) आणि 15 मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात घट 0.09 टक्क्यांच्या आसपास. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने अशी पाच पिधानं टिपली. 2023 मध्ये तापमान आलं सुमारे 230 अंश सेल्सियस. दाट हवा असती तर वाऱ्याने उष्णता रात्रीच्या बाजूला नेली असती, दिवसाची बाजू एवढी तापली नसती.

ठाण्यातल्या गच्चीवरून अधिक्रमण जमतं. ऑक्टोबरच्या संध्याकाळी एचडी 189733 बी हा परग्रह घ्या, घट 2.4 टक्के. 8 इंची दुर्बीण आणि कॅमेरा पुरतो. फोकस किंचित ढळवा, नाहीतर तारा जळून पांढरा येतो. तुलनेला शेजारचा तारा त्याच चौकटीत हवा, म्हणजे खाडीवरचं धुरकट दोघांनाही सारखं लागतं. तासभर आधी सुरू करा, तासभर नंतर थांबा. पिधानाच्या नादी मात्र लागू नका. दृश्य प्रकाशात ती घट गच्चीवरच्या कॅमेऱ्याला दिसणारच नाही.