आमंत्रणावरून कोण आलं, वऱ्हाडातून कोण

शहापुरात ओळखीच्या एकांचं डीटीपीचं दुकान आहे. तुळशीचं लग्न आटोपलं की तिथे पत्रिकांची गर्दी सुरू होते. मुलगी निपाणीची, मुलगा गोकाकचा, म्हणजे एका पानावर मराठी आणि दुसऱ्यावर कन्नड. गेल्या मोसमात त्यांच्या जुन्या संगणकावर विंडोजच्या जागी डेबियन लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली बसवून दिली. एका गिऱ्हाइकाला हस्ताक्षरासारखी कन्नड अक्षरं हवी होती. टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडली, 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल फॉन्ट्स-नविलु' एवढी ओळ रोमन अक्षरांत टाइप केली, पासवर्ड दिला. थोड्याच वेळात फॉन्ट हजर. नविलु म्हणजे कन्नडात मोर.

दुकानदारांनी विचारलं, "हे आलं कुठनं वो? पैसे कुणाला द्यायचे?"

पैसे कुणालाच नाहीत. पण आलं कुठून, हा प्रश्न लाखमोलाचा.

फॉन्ट आला डेबियनच्या सर्व्हरवरून, पॅकेजच्या रूपात, आणि तो आणला ॲप्ट या प्रोग्रॅमने. पॅकेज म्हणजे चिठ्ठी लावलेलं गाठोडं. चिठ्ठीवर नाव, आवृत्ती आणि दुसऱ्या कोणत्या पॅकेजांवाचून याचं अडतं ते. आत फाइली, त्यांच्या ठरलेल्या जागांसह. सर्व्हरवरच्या सगळ्या गाठोड्यांची यादी 'ॲप्ट अपडेट' आणून ठेवतं. नावावरून वाटतं तसं ते कोणताही प्रोग्रॅम नवा करत नाही. त्या यादीवर डेबियनची डिजिटल सही असते आणि प्रत्येक पॅकेजचा गणिती ठसा यादीत नोंदलेला असतो. वाटेत कुणी एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही आणि ॲप्ट ते पॅकेज नाकारतं. कुठल्या तरी संकेतस्थळावरून फाइल उतरवून डबल-क्लिक करण्यापेक्षा ही पद्धत मला कितीतरी भरवशाची वाटते.

इयन मर्डॉक यांनी १९९३ साली डेबियन सुरू केलं. सुरुवातीच्या वर्षांत पॅकेज उलगडून बसवणारं डीपीकेजी होतं, पण अडलेली पॅकेजं स्वतः जाऊन आणणं त्याचं काम नव्हतं. एक बसवायला जावं तर ते दुसरं मागे, दुसरं तिसरं. ती साखळी आपणहून सोडवणारं ॲप्ट १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर आलं.

खरी करामत मात्र काढताना दिसते. ॲप्टच्या हाताखाली आजही राबणारं डीपीकेजी प्रत्येक पॅकेजने कोणत्या फाइली कुठे ठेवल्या याची यादी जपतं, म्हणून काढताना नेमक्या त्याच फाइली निघतात. ॲप्ट आणखी एक नोंद ठेवतं: हे पॅकेज तुम्ही मागितलं होतं, की दुसऱ्या कुणाबरोबर आलं? लग्नघरात आमंत्रणावरून आलेले आणि त्यांच्याबरोबर आलेले असतात ना, तसंच. 'रिमूव्ह' म्हटलं की प्रोग्रॅम जातो, पण त्याच्या सिस्टिममधल्या सेटिंगच्या फाइली राहतात. 'पर्ज' त्याही नेतं. तुमच्या होम फोल्डरमधल्या पत्रिकांना दोघंही हात लावत नाहीत. आणि 'ऑटोरिमूव्ह' बरोबर आलेल्यांपैकी आता कुणालाच नको असलेल्यांना निरोप देतं.

इथेच एक खाचखळगा आहे. फोटोंसाठी गिम्प बसवलं, तेव्हा त्याच्याबरोबर घोस्टस्क्रिप्ट आलं. पुढे दुकानात पीडीएफच्या कामासाठी तेच रोज वापरात आलं, पण ॲप्टच्या वहीत ते अजून वऱ्हाडीच. उद्या गिम्प काढून ऑटोरिमूव्ह चालवलं आणि दुसऱ्या कुठल्या पॅकेजला ते लागत नसलं, तर घोस्टस्क्रिप्टही जाईल. उपाय सोपा आहे. आधीच बसलेल्या त्या पॅकेजला नाव घेऊन पुन्हा 'इन्स्टॉल' म्हणायचं. नवीन काही उतरत नाही, फक्त नोंद बदलते: हे आता मागून घेतलेलं.

काही निघणार असेल तर ॲप्ट आधी यादी दाखवून हो की नाही विचारतं. ती यादी वाचायची असते. २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन हे नावाजलेले यूट्यूबर पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेम खेळायचं ॲप बसवत होते. पॅकेजांचा आपसांत मेळ बसत नव्हता, म्हणून ॲप्टने काढायच्या यादीत अख्खा डेस्कटॉपच घातला आणि 'हो, मी सांगतो तसं कर' अशा अर्थाचं पूर्ण इंग्रजी वाक्य टाइप करायला लावलं. त्यांनी ते केलं. डेस्कटॉप गेला.

शहापूरच्या दुकानात आता कीबोर्डशेजारी एक वही असते. काही काढायचं झालं की दुकानदार पडद्यावरची नावं आधी तीत उतरवतात, अनोळखी नावापुढे फुली मारतात आणि 'एन' दाबून मला फोन करतात.