माणसाळणं (प्राण्यांचं)

माणसाळणं : रानातल्या एखाद्या जातीने पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या सोबतीत राहून, त्याच्या देखरेखीखाली वीण होत होत स्वभावाने, अंगाने आणि रक्ताने बदलत जाणं. मराठीत हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो आणि अर्धा घोळ तिथूनच सुरू होतो. आई मेलेलं हरणाचं पाडस कोणी घरी वाढवलं, ते हातातून खायला लागलं, की आपण म्हणतो माणसाळलं. पण ते एकटंच माणसाळलेलं असतं, त्याच्या पोटी जन्मलेलं पिल्लू माणसापासून दूर वाढलं तर जन्मजात बुजरंच निघतं. जाणकार ज्याला खरं माणसाळणं म्हणतात ते अख्ख्या वंशाचं असतं, एकेकट्या जनावराचं नाही. या नोंदीत पहिल्यासाठी ‘लळा लागणं’ आणि दुसऱ्यासाठी ‘माणसाळणं’ असं वापरलंय, म्हणजे गल्लत होणार नाही.

हा फरक हत्तीवरून चटकन कळतो. हत्ती हजारो वर्षं माणसाची कामं करतोय, माहुताच्या हाकेला ओ देतो, पण त्याची वीण माणसाने कधी पूर्ण ताब्यात घेतली नाही, कामाचे बहुतेक हत्ती रानातूनच धरून आणले गेले, म्हणून तो लळा लागलेला पण पाळीव नव्हे. चित्त्याचंही तेच, राजेरजवाड्यांनी शिकारीसाठी तो शतकानुशतकं ठेवला पण बंदिवासात त्याची वीण जवळजवळ होतच नसे, दर वेळी नवा चित्ता रानातूनच आणावा लागायचा. लळा लागायलाही एक ठरावीक वय असतं. कुत्र्याच्या पिल्लांत साधारण ३ ते १२ आठवडे, मांजरीच्या पिल्लांत २ ते ७ आठवडे, या काळात माणसाचा हात अंगावरून फिरला नाही तर तेच पिल्लू पुढे माणसाला घाबरत राहतं. लांडग्याच्या पिल्लात हा काळ कुत्र्यापेक्षा लवकर सुरू होतो आणि लवकर संपतो, डोळे धड उघडायच्या आधीच त्याचं जग ठरायला लागतं.

खुणा : पाळीव जनावरांत एकाच प्रकारचे बदल पुन्हा पुन्हा दिसतात हे डार्विनने १८६८ सालच्या ग्रंथात नोंदवलं होतं. लोंबते कान, अंगावर पांढरे ठिपके, आखूड तोंड, लहान दात, आकसलेला मेंदू, वर्षभर कधीही येणारा माज. पुराप्राणिशास्त्रात, म्हणजे जुन्या काळच्या जनावरांच्या अवशेषांच्या अभ्यासात, हाडंच हाती लागतात त्यामुळे सगळी भिस्त जबड्यावर असते. लांडग्याचा नि कुत्र्याचा जबडा शेजारी ठेवून बघावा, लांडग्याच्या दाढा ऐसपैस बसलेल्या असतात, कुत्र्याचा जबडा आखडलेला पण दात त्या मानाने कमी आखडलेले, म्हणून ते एकमेकांना ढकलून तिरके उगवतात. अर्थात रानातल्या काही लांडग्यांतही असे दाटीवाटीचे दात सापडतात, तेव्हा एकट्या याच खुणेवर निकाल देणं धोक्याचं.

या खुणा नेमक्या कशामुळे येतात त्यावर सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे सायबेरियात नोवोसिबिर्स्कजवळ १९५९ मध्ये जनुकशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी सुरू केलेला आणि पुढे ल्युडमिला त्रुत यांनी कित्येक दशकं चालवलेला कोल्ह्यांचा प्रयोग. कातडीसाठी पाळलेले रुपेरी कोल्हे घ्यायचे, त्यांतले माणसाला कमीत कमी घाबरणारे तेवढेच पुढच्या विणीला ठेवायचे, रंगरूप काहीच बघायचं नाही, एवढीच अट. सहाव्या पिढीपर्यंत काही पिल्लं माणूस दिसला की शेपूट हलवायला, कुंईकुंई करायला आणि हात चाटायला लागली, आणि नंतर काहींत लोंबते कान, कपाळावर पांढरा चांदही दिसला. यावरून मांडलं गेलं की निवड फक्त शांत स्वभावाची केली तरी बाकीचे बदल मागोमाग आपोआप येतात. याला २०१४ मध्ये एक शारीरिक कारणही सुचवलं गेलं. गर्भाच्या पाठीच्या बाजूने निघून अंगभर पसरणाऱ्या पेशींचा एक गट असतो, त्यातूनच रंगपेशी, चेहऱ्याची हाडं आणि भीतीच्या वेळी संप्रेरक सोडणाऱ्या ग्रंथीचा गाभा घडतो, मग या पेशी थोड्या कमी पडल्या तर भीतीही कमी, तोंडही आखूड आणि अंगावर पांढरे डाग, असा तो विचार. मात्र २०१९ मध्ये आक्षेप आला की हे कोल्हे मुळात रानातले नव्हतेच, कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या कातडी-फार्मवर त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्या आधीपासून वाढत होते आणि पांढरे डाग तिथेही होते. हा आक्षेप वजनदार आहे. शांत स्वभावाची निवड वेगाने फळते एवढं प्रयोगातून पक्कं म्हणता येतं, बाकीच्या खुणा सगळ्या त्याच्याच पोटातून येतात हे अजून जपून म्हणावं.

वाटा : माणसाळण्याच्या वाटा तीन असल्याचं पुरातत्त्वज्ञ मेलिंडा झेडर यांचं वर्गीकरण आता बहुतेक ठिकाणी वापरतात. उष्ट्यामाष्ट्यावर, उंदरांवर जगायला स्वतःहून जवळ आलेले (कुत्रा, मांजर), आधी शिकार म्हणून मारले जाणारे आणि मग कळप राखायची अक्कल आल्यावर पाळले गेलेले (शेळी, मेंढी, गाय), आणि कामासाठी ठरवून धरलेले (घोडा, गाढव, उंट). डुकराला मात्र पहिल्या दोन्ही वाटा लागू पडतात असं दिसतं. प्रत्येक जात यात चपखल बसत नाही, पण ‘माणसाने ठरवलं आणि प्राणी पाळीव झाला’ या जुन्या समजुतीपेक्षा हे खूपच बरं, कारण निदान काही जातींत पहिलं पाऊल प्राण्यानेच उचललंय.

कुत्रा : सगळ्यात आधी माणसाळलेला प्राणी कुत्रा, आणि तो करड्या लांडग्याच्या वंशातला, इथवर वाद नाही. कधी आणि कुठे, यावर मात्र गेली वीसेक वर्षं रान पेटलेलं आहे. बेल्जियममधल्या गोये गुहेतली कवटी साधारण ३६,००० वर्षांपूर्वीची, तिला २००९ मध्ये कुत्रा म्हटलं गेलं, पण पुढे तिचा डीएनए आजच्या कुत्र्यांच्या वंशात बसेना, तो एका नामशेष फांदीचा निघाला, म्हणून बरेच अभ्यासक तिला वेगळ्या धाटणीचा लांडगाच मानतात आणि तेच जास्त पटतं. निर्विवाद म्हणावा असा कुत्रा सापडतो तो जर्मनीत बॉनजवळ ओबरकास्सेलला, साधारण १४,२०० वर्षांपूर्वीचा.

या सापडण्याची हकिगत जरा सविस्तर सांगायलाच हवी. १९१४ मध्ये दगडाच्या खाणीत कामगारांना एका पुरुषाचे आणि एका तरुण स्त्रीचे सांगाडे मिळाले, वर लाल मातीचा थर, सोबत हाडाच्या कोरीव वस्तू. त्यातली कुत्र्याची हाडं इतर जनावरांच्या हाडांत मिसळून पडली होती, ती ओळखू आली १९७० च्या दशकाच्या अखेरीस. हे पिल्लू मेलं तेव्हा जेमतेम २७-२८ आठवड्यांचं होतं. त्याच्या दातांच्या एनॅमलवर, म्हणजे वरच्या कठीण थरावर, आडव्या खाचा आहेत, म्हणजे दात घडत असताना ते मरणाच्या दारात जाऊन आलं होतं, आणि एकदा नाही, १९ ते २३ आठवड्यांच्या वयात पुन्हा पुन्हा. २०१८ मध्ये हे दात तपासणाऱ्यांनी निदान केलं डिस्टेंपरचं, म्हणजे कुत्र्यांच्या एका विषाणूजन्य रोगाचं. या रोगात पिल्लाला ताप, ओकाऱ्या, जुलाब, पुढे झटके, कोणी पाणी पाजलं नाही, ऊब दिली नाही, घाण पुसली नाही तर तीन आठवडेही काढत नाही, आणि हे पिल्लू त्यानंतरही कित्येक दिवस जगलं. शिकारीला त्याचा उपयोग शून्य होता. तरी कोणीतरी त्याच्या उशापायथ्याशी बसलं होतं. निदान दातांवरून केलंय, विषाणू हाती लागलेला नाही, आणि हा विषाणू मुळात फार अलीकडचा असल्याचंही एक मत आहे, तेव्हा रोगाचं नाव बदलू शकेल, पण आजारपण आणि शुश्रूषा या दोन गोष्टी त्या दातांतून स्पष्ट वाचता येतात.

ठिकाणाबद्दल जनुकीय अभ्यासांचा क्रम असा : २००२ मध्ये पूर्व आशिया, २०१३ मध्ये युरोप (तेही १८,८०० ते ३२,१०० वर्षांपूर्वी), २०१६ मध्ये एकाच वेळी पूर्व आणि पश्चिम अशा दोन जागा, २०१७ मध्ये पुन्हा एकच जागा. २०२२ मध्ये ७२ प्राचीन लांडग्यांचे जीनोम (संपूर्ण जनुकसंच) एकत्र तपासले गेले तेव्हा कुत्रे युरेशियाच्या पूर्वेकडच्या जुन्या लांडग्यांना जास्त जवळचे निघाले, पण पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतल्या कुत्र्यांत पश्चिमेकडच्या लांडग्याचाही वाटा दिसला. एकूण बघता हिमयुगाच्या उत्तरार्धात पूर्वेकडे कुठेतरी मूळ आणि मग पश्चिमेत मिसळण, ही मांडणी सध्या सगळ्यात सोयीची वाटते. ११,००० वर्षांपूर्वी कुत्र्यांचे निदान पाच वेगळे वंश तयार होते, म्हणजे सुरुवात त्याच्या बरीच आधीची हे धरून चालायला हरकत नाही.

कसा, याचंही एक जुनं उत्तर आहे की वस्तीच्या उकिरड्यावर आलेले धीट लांडगे टिकले. अडचण अशी की हिमयुगातले शिकारी एका जागी राहतच नव्हते, उकिरडा साठायचा कुठे. २०२१ मध्ये वेगळा हिशोब मांडला गेला. माणसाचं शरीर फक्त प्रथिनांवर जगू शकत नाही, यकृताला ती झेपत नाहीत, आणि कडक हिवाळ्यात शिकारीतली चरबी झडून नुसतं कोरडं मांस उरतं, म्हणजे माणसाला जे मांस खाऊन भागत नव्हतं तेच लांडग्याला पुरेपूर चालत होतं, वाटून खायला भांडणच नव्हतं. हे पटण्यासारखं आहे. पिठूळ अन्न पचवायची ताकद मात्र नंतरची, शेतीबरोबर आलेली. त्यासाठीच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, बहुतेक कुत्र्यांत कितीतरी जास्त, आणि शेतीपासून लांब राहिलेल्या डिंगोत (ऑस्ट्रेलियातल्या रानकुत्र्यात) पुन्हा दोनच.

लांडगा आणि कुत्रा यांच्यातला सगळ्यात मोठा फरक माझ्या मते पोटात नाही, नजरेत आहे. बुडापेस्टच्या संशोधकांनी जन्मल्यापासून हातावर वाढवलेले लांडगे आणि कुत्रे घेतले, दोघांना मांस काढायला शिकवलं आणि मग मांस निघणारच नाही अशी व्यवस्था केली. लांडगा ओढतच राहिला. कुत्र्याने थोडा वेळ ओढलं, थांबला आणि मागे वळून माणसाच्या तोंडाकडे बघितलं. २०१५ मधल्या एका अभ्यासात असं बघत राहिल्यावर कुत्रा आणि मालक दोघांच्याही अंगात ऑक्सिटोसिन वाढलं, तेच संप्रेरक जे आई आणि तान्ह्या बाळात वाढतं, लांडग्यांत तसं काही झालं नाही. भुवईची आतली कड वर उचलणारा स्नायूही कुत्र्यात ठळक, लांडग्यात जेमतेम काही तंतू.

मांजर : सायप्रस बेटावर शिलुरोकांबोसला साधारण ९,५०० वर्षांपूर्वीचं एका माणसाचं दफन आहे आणि त्याच्यापासून ४० सेंटिमीटरवर आठेक महिन्यांचं मांजर पुरलेलं आहे. बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे ते होडीतून आणलेलं होतं. २००७ च्या अभ्यासाने सगळी घरमांजरं आफ्रिकी रानमांजराच्या वंशातली ठरली, आणि धान्याची कोठारं, त्यात उंदीर, उंदरांमागे मांजर ही गोष्ट पक्की झाल्यासारखी वाटली. पण २०२५ मध्ये आलेल्या जीनोम-अभ्यासानुसार युरोपातली फार जुनी ‘घरमांजरं’ प्रत्यक्षात तिथलीच रानमांजरं होती आणि खरं घरमांजर उत्तर आफ्रिकेतून तिथे पोचलं ते साधारण २,००० वर्षांपूर्वी. चीनमध्ये क्वानहूत्सुनला ५,३०० वर्षांपूर्वी वस्तीत राहणारं मांजर तर वेगळ्याच जातीचं, ठिपक्यांचं बिबट-मांजर निघालं, ते माणसांत आलं, राहिलं आणि परत रानात गेलं. सोबत जमलेली प्रत्येक जात पाळीव होतेच असं नाही, याचं इतकं सुंदर उदाहरण दुसरं नाही.

घोडा आणि इतर : कझाकस्तानातल्या बोताई इथे ५,५०० वर्षांपूर्वी घोडीचं दूध वापरल्याचे अंश मडक्यांत सापडले, पण आजचे घोडे त्या वंशाचे नाहीत हे २०१८ मध्ये कळलं. ते रशियातल्या व्होल्गा-डॉन नद्यांच्या गवताळ पट्ट्यातले, इसवी सन पूर्व २२०० च्या आसपास झपाट्याने पसरलेले. बोताईचे घोडे पाळीव होते की नुसते मारून खाल्लेले, हे भांडण अजून मिटलेलं नाही. गाय दोनदा माणसाळली, पश्चिम आशियात बिनवशिंडाची आणि सिंधूच्या खोऱ्याकडे वशिंडाची. कोंबडी आग्नेय आशियातल्या तांबड्या रानकोंबडीपासून आली, आणि पूर्वी समजत होते त्यापेक्षा बरीच उशिरा, बहुधा इसवी सन पूर्व १६५० नंतर, भाताच्या शेतांबरोबर. तिच्या पिवळ्या कातडीचं जनुक मात्र करड्या रानकोंबडीकडून आलेलं आहे.

रानात उरलेले भाऊबंद : पाळीव वंश फोफावला आणि त्याचा रानातला सख्खा भाऊ संपत आला, हे इतक्या वेळा घडलंय की याची नोंद वेगळी व्हायला हवी. गायीचा पूर्वज ऑरॉक्स, त्याची शेवटची मादी पोलंडमध्ये याक्टोरूफच्या जंगलात १६२७ मध्ये मेली. प्रझेवाल्स्की घोडा, म्हणजे मध्य आशियातला रानघोडा, १९६९ च्या सुमारास रानातून नाहीसा झाला, प्राणिसंग्रहालयांतल्या डझनभर जनावरांच्या वंशावरून तो वाढवला आणि १९९२ पासून मंगोलियात परत सोडला. २०२३ च्या एका मोजदादीनुसार जमिनीवरच्या सगळ्या रानटी सस्तन प्राण्यांचं मिळून वजन सुमारे २ कोटी टन, आणि एकट्या पाळीव कुत्र्यांचं वजनही जवळपास तेवढंच. स्कॉटलंडचं रानमांजर बंदुकीनेही कमी झालं, पण राहिलेलं घरमांजराशी संकर होऊन विरघळत गेलं, २०१९ मध्ये तिथली संख्या टिकाव धरण्यासारखी उरली नाही असा निष्कर्ष निघाला आणि २०२३ पासून तिथल्या केर्नगॉर्म्स डोंगरात पिंजऱ्यात वाढवलेली मांजरं सोडायला सुरुवात झाली.

रोगांचंही तसंच. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत डिस्टेंपर पसरला आणि सुमारे तिसरा हिस्सा, म्हणजे जवळपास १,००० सिंह मेले, संसर्गाचा उगम आसपासच्या वस्त्यांतले कुत्रे असावेत असं मानतात. इथिओपियन लांडगा जगात ५०० च्या आसपासच उरलाय, त्याला कुत्र्यांकडून रेबीज आणि डिस्टेंपर दोन्ही लागतात. इथिओपियातल्या बाले पर्वतात पायथ्याच्या गावातल्या कुत्र्यांना लस टोचणं बरीच वर्षं चालू होतं, २०१८ पासून लांडग्यांनाही रेबीजची तोंडातून द्यायची लस सुरू झाली, ती शेळीच्या मांसाच्या तुकड्यात दडवून त्यांच्या वाटेवर टाकतात.