कन्स्ट्रेंट प्रोग्रामिंग

कन्स्ट्रेंट प्रोग्रामिंग : अनेक अटी एकाच वेळी पाळणारी निवड संगणकाकडून शोधून घेण्याची पद्धत. नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये काम कसे करायचे हे पायरीपायरीने लिहावे लागते. इथे उत्तर कसे असले पाहिजे आणि कसे चालणार नाही एवढेच लिहितात. शोधाशोध ‘सॉल्व्हर’ नावाचा तयार प्रोग्रॅम करतो. शाळेचे वेळापत्रक, परिचारिकांच्या ड्युट्या, विमान कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, यंत्रांवर कामांची वाटणी ही तिची नेहमीची क्षेत्रे. सुडोकू याच जातीचे.

मांडणीत तीनच गोष्टी येतात : ज्यांची किंमत ठरवायची ते चल, प्रत्येक चलाला उपलब्ध असलेले पर्याय आणि त्यांच्यातील अटी.

सांगली जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या शेतकी विभागांना असाच एक प्रश्न, कोणता ऊस कधी तोडायचा हा, गाळप हंगामभर पुरतो. लागणीची तारीख, उसाचा प्रकार (आडसाली, सुरू की खोडवा), फुटलेला तुरा, तोडणी मजुरांची टोळी, वाहन, हे सगळे पाहून तोडणीचा कार्यक्रम लावायचा असतो. गव्हाणीत (ऊस गिरणीत जिथून जातो तिथे) ऊस कमी पडला तर गाळप थांबते. जास्त आला तर गाड्या यार्डात ताटकळतात, तोडलेला ऊस वाळतो आणि साखर उतारा घसरतो.

समजा, एक टोळी, चार फड (उसाची शेते), चार दिवस आणि दिवसाला एकच फड. रस्त्याकडेचा, त्याच्या मागचा मधला आणि त्याच्याही मागचा ओढ्याकाठचा असे तीन फड एका ओळीत आहेत. चौथा, विहिरीवरचा, गावाच्या दुसऱ्या अंगाला. मधल्या फडात ट्रॉली न्यायची तर रस्त्याकडेचा ऊस आधी निघाला पाहिजे, ओढ्याकाठी न्यायची तर मधला. विहिरीवरच्या फडाला नुकतेच पाणी दिले असल्याने पहिल्या दिवशी तिथे चाक रुतेल. अटी बाजूला ठेवल्या तर तोडणीचे २४ क्रम होतात.

सॉल्व्हर हे क्रम एकेक करून तपासत नाही. तो पर्याय खोडतो. वाटेच्या अटींमुळे रस्त्याकडेच्या फडाला १ किंवा २, मधल्याला २ किंवा ३ आणि ओढ्याकाठच्याला ३ किंवा ४ एवढेच दिवस उरतात. विहिरीवरच्याला २, ३, ४. आता कोणत्याही दोन फडांची जोडी घेऊन पाहिली, तर आणखी काही खोडता येत नाही. चारही फड एकत्र पाहिले की मात्र दिसते : मधला, ओढ्याकाठचा आणि विहिरीवरचा या तिघांना मिळून २, ३, ४ हे तीनच दिवस आहेत, म्हणजे ते दिवस त्यांनीच संपवले. रस्त्याकडेचा फड पहिल्याच दिवशी तोडावा लागेल. २४ पैकी तीन क्रम शिल्लक राहिले, आणि अजून एकही गोष्ट अंदाजाने धरलेली नाही. अटींमधून पर्याय असे खोडत नेण्याला प्रसारण म्हणतात. ते थांबले की सॉल्व्हर एक पर्याय गृहीत धरतो, पुन्हा खोडतो आणि अडला तर मागे येऊन दुसरा धरतो.

चार फडांना एवढी यातायात हास्यास्पद वाटेल. पण २० फडांचे क्रम २४३ वर १६ शून्ये, एवढ्या घरात जातात. अशा प्रश्नांत अत्यंत वाईट प्रसंगी सॉल्व्हरलाही फार वेळ लागू शकतो, सरसकट जलद असा उपाय ज्ञात नाही. व्यवहारातले बरेच प्रश्न सुटतात ते प्रसारणामुळे.

या विचाराची सुरुवात चित्रांपासून झाली. इव्हान सदरलँड यांच्या १९६३ मधील ‘स्केचपॅड’ या चित्र काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये दोन रेषा समांतर राहाव्यात अशी अट घालता येई. डेव्हिड वॉल्ट्झ यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ठोकळ्यांच्या रेखाचित्रांचा अर्थ लावण्यासाठी पर्याय खोडण्याची रीत वापरली. उगो मोंतानारी (१९७४) आणि ॲलन मॅकवर्थ (१९७७) यांनी तिला शास्त्रीय चौकट दिली. १९८७ मध्ये जोक्सान जाफर आणि जाँ-लुई लासे यांनी तर्काधारित प्रोग्रामिंगशी तिची सांगड घातली. वरच्या उदाहरणात सगळे फड एकत्र पाहून दिवस खोडला, ते ‘सर्व भिन्न’ (प्रत्येकाला वेगळा दिवस) या अटीसाठी जलद आणि पूर्णपणे कसे करावे हे जाँ-शार्ल रेजँ यांनी १९९४ मध्ये दाखवले. या विषयातले माझ्या मते सर्वांत देखणे काम तेच. आज गेकोड, गूगलचे ओआर-टूल्स, आयबीएमचे सीपी ऑप्टिमायझर हे सॉल्व्हर आणि मांडणीसाठी मिनिझिंक ही भाषा प्रचलित आहे. २०१४ मध्ये धूमकेतूवर उतरलेल्या ‘फिली’ यानावरील प्रयोगांचे वेळापत्रकही याच पद्धतीने आखले होते.

रेषीय प्रोग्रामिंग, म्हणजे कशाची किती मात्रा घ्यावी हे गणिताने ठरवणे, हे हिचे जुने भावंड. ते सोडवण्याची जॉर्ज डँट्झिग यांची सिम्प्लेक्स रीत १९४७ची. कोयनेतून किती पाणी सोडावे हा मात्रेचा प्रश्न तिच्या स्वभावाला जवळचा. टेंभू किंवा म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या कोणत्या वितरिकेला कोणत्या दिवशी पाळी द्यायची हा जुळणीचा प्रश्न. तिथे कन्स्ट्रेंट प्रोग्रामिंग सोयीचे पडते. प्रत्यक्षात दोन्हींची सरमिसळ चालते.

निर्णयासाठी खरे कष्ट उत्तर शोधण्यात नसतात, अटी वदवून घेण्यात असतात. वर उरलेल्या तीन क्रमांपैकी एकात टोळी रस्ता, मधला, ओढा असे सलग उरकून शेवटी विहिरीकडे जाते. तिची फेरी वाचते. पण तिसऱ्या दिवशीही ओढ्याकाठी चिखल असेल, तर नेमका हाच क्रम बाद होतो. चिखलाची अट मोडायचीच नाही, की ट्रॅक्टर लावून ओढून काढायची तयारी आहे? पहिली ताठ अट, दुसरी सैल, मोडल्यास दंड धरायची. हे शेतकी अधिकाऱ्याने ठरवायचे असते. दंड किती धरला यावर उत्तर बदलते, म्हणून तो आकडा बैठकीत उघडपणे ठरलेला बरा. शिवाय काही गोष्टी कागदावर कधीच येत नाहीत. टोळीला द्यावी लागणारी खुशाली (वरचे पैसे), वशिल्याने पुढे सरकलेला नंबर हे नियमांत कुठेच लिहिलेले नसते. सॉल्व्हर त्या पाळणार नाही आणि मग कार्यक्रम फडावर चालत नाही.

उत्तरच नाही, हेही सॉल्व्हर सिद्ध करू शकतो. त्यापुढे जाऊन, कोणत्या मोजक्या अटी एकत्र नांदू शकत नाहीत हेही काही साधने काढून देतात. मग वाद त्या दोनतीन अटींपुरता उरतो.

गिरणीचा बिघाड, टोळीतली आजारपणे, अवकाळी पाऊस यांमुळे कार्यक्रम मध्येच नव्याने लावावा लागतो. अशा वेळी केवळ चांगला क्रम मागितला तर सॉल्व्हर सगळेच उलटेपालटे करून ठेवतो. म्हणून जुन्या कार्यक्रमातील कमीत कमी तारखा बदलाव्यात, अशी वेगळी अट घालतात. ज्याला तोडीची तारीख कळवलेली असते, त्या शेतकऱ्याने फडाचे पाणी आधीच बंद केलेले असते.