लोहाच्या दारातून शिरणारं कॅडमियम

रविवारी सकाळी सेनापती बापट रस्त्यावरच्या एका सभागृहात, रसायनांचा बायकांच्या आणि पुरुषांच्या तब्येतीवर वेगवेगळा परिणाम का होतो, यावर व्याख्यान होतं. पहिल्या दोन रांगा पुण्याच्या रिवाजाप्रमाणे ज्येष्ठ नागरिकांनी आधीच भरल्या होत्या.

"खिशात दुकानाची पावती असेल तर काढा आणि तिच्यावर नख ओढा," वक्त्या बाई म्हणाल्या. माझ्याकडे किराण्याची होती. नख ओढताच काळी रेघ उमटली. या कागदाला शाई लागतच नाही. त्याच्यावरच्या लेपात एक रंगहीन पदार्थ असतो आणि त्याला काळं करणारं दुसरं रसायन असतं. उष्णता मिळाली की दोघं एकमेकांना भिडतात. ते दुसरं रसायन बरेचदा बिस्फेनॉल ए किंवा त्याचंच भावंड बिस्फेनॉल एस. दोन्ही इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची थोडीफार नक्कल करतात आणि कातडीतून आत जाऊ शकतात. आपण पावती चुरगळून टाकतो, काउंटरवरची मुलगी दिवसभर पावत्याच फाडत असते.

आता प्लास्टिकच्या डब्यांवर प्रवचन होणार असं मला वाटलं, पण बाई थेट जपानला गेल्या. तिथल्या जिंझू नदीत खाणीतला कॅडमियम हा विषारी धातू उतरला, नदीच्या पाण्यातून भातखाचरांत आणि तिथून ताटात आला. लोकांची मूत्रपिंडं बिघडली, हाडं इतकी ठिसूळ झाली की नुसत्या खोकल्याने मोडायची. रोगाचं नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ साली सरकारने हा प्रदूषणाचा रोग असल्याचं मान्य केलं. भात सगळं घर खात होतं, तरी रुग्ण बहुतेक उतारवयातल्या, बरीच बाळंतपणं झालेल्या बायका.

असं का? आतड्याच्या पेशींत लोह आत घेणारी प्रथिनं असतात, दारंच म्हणा ना. अंगात लोह कमी पडलं की शरीर ही दारं वाढवतं. दाराला मात्र लोह आणि कॅडमियम यांतला फरक नीट कळत नाही. पाळी आणि बाळंतपणं यांत लोह जातं, दारं उघडी राहतात आणि आत आलेलं कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला, पुरुषांत २५ टक्के. म्हणजे किती दारं सताड उघडी आहेत पाहा!

पुरुष सुटलेत असं नाही. १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे कीडनाशक बनवणाऱ्या कामगारांनाच प्रश्न पडला, आपल्यातल्या कुणालाच मूल कसं होत नाही? तपासणीत शुक्रजंतू घटलेले किंवा नाहीसेच झालेले निघाले.

मग मोजमाप कोणत्या शरीरावर करायचं? किरणोत्साराच्या हिशेबासाठी १९७५ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने एक 'संदर्भ पुरुष' ठरवला: वय २० ते ३०, वजन ७० किलो, उंची १७० सेंटीमीटर, राहणार पश्चिम युरोप किंवा उत्तर अमेरिका. विवाहमंडळाच्या वहीतलं स्थळच!

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून कचरा वेचणाऱ्या एक मावशी उठल्या. भंगारातल्या जुन्या चार्जिंगच्या बॅटऱ्या त्या हाताने वेगळ्या करतात; अशा काही बॅटऱ्यांत कॅडमियम असतं. बाईंनी सांगितलं, बॅटरी फोडू नका, हातमोजे घाला, जेवणाआधी हात धुवा, हिमोग्लोबिन तपासून घ्या.

"हातमोजे मिळालेत हो," मावशी म्हणाल्या, "पण गड्यांच्या मापाचे. घातले की निम्मी बोटं रिकामी, धरलेलं हातातनं निसटतंय."