हात थरथरतो म्हणजे कंपवातच का?

चहाचा कप तोंडाशी नेताना अर्धा बशीत सांडायला लागला की बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, घरात पहिला शब्द निघतो तो 'कंपवात', म्हणजे पार्किन्सनचा. खरं तर अशा थरथरीमागे पार्किन्सनपेक्षा इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे मुख्यतः काम करताना हात कापण्याचा आजार, कितीतरी जास्त वेळा असतो. दोन्ही आजार वेगळे, दोन्हींची औषधंही वेगळी.

हात थरथरतो त्या वेळी तो काय करतोय, हे आधी बघायचं. इसेन्शियल ट्रेमरमध्ये हात कामात असताना कापतो: कप धरताना, सुईत दोरा ओवताना, बँकेत पैसे काढायच्या स्लिपवर सही करताना. मांडीवर ठेवला की शांत. पार्किन्सनमध्ये नेमकं उलट. हात रिकामा पडला की थरथर सुरू होते, अंगठा बोटांवर जपमाळ ओढल्यासारखा फिरत राहतो आणि कप उचलायला गेलं की थरथर ओसरते. पेशंटला खुर्चीत बसवून हात मांडीवर सैल सोडायला सांगा आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावा. मन आकड्यांत गुंतलं की पार्किन्सनची लपलेली थरथर वर येते. चालताना लोंबत्या हातातही ती दिसते.

पार्किन्सन बहुधा एका बाजूला सुरू होतो आणि दुसऱ्या बाजूला यायला काही वर्षं लागतात. त्यात हनुवटी, ओठ, पाय कापतात. इसेन्शियल ट्रेमर दोन्ही हातांत असतो, थोडा कमी-जास्त इतकंच. त्यात मान 'नाही नाही' किंवा 'हो हो' म्हटल्यासारखी हलते, आवाज कापरा होतो. निम्म्याच्या आसपास पेशंटांच्या घरात आई-वडील, काका किंवा भावंडांपैकी कुणाचे तरी हात कापत असतात. म्हणून आजोबांच्या थरथरीबद्दल विचारणं वायफळ नाही. इसेन्शियल ट्रेमर विशीतही सुरू होऊ शकतो.

पण निदान निव्वळ थरथरीवर करू नये. पार्किन्सनची खरी खूण हालचालींतला मंदपणा आहे, आणि घरचे तो 'वय झालं' म्हणून सोडून देतात. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईचा हात कापत नसेल, पण दिवसाचा आकडा हळूहळू घटत असेल, शर्टाची बटणं लावायला वेळ लागत असेल, चालताना एक हात हलत नसेल, तर तिकडे लक्ष द्या. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं आणि हातपाय झाडणं हे थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेलं असू शकतं.

अक्षरही बोलतं. कोऱ्या कागदावर हात न टेकवता गोल गोल चक्र काढायला लावा, खाली दोन-तीन ओळी लिहून घ्या. इसेन्शियल ट्रेमरमध्ये रेघ नागमोडी आणि अक्षर मोठं, वेडंवाकडं येतं. पार्किन्सनमध्ये अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जातं.

गोंधळ होतो तो इथे: पार्किन्सनचा पेशंट हात पुढे ताणून धरतो, काही सेकंद हात स्थिर राहतो आणि मग कापू लागतो. घाईतल्या तपासणीत हाच इसेन्शियल ट्रेमर वाटतो. उलट, जुना, जोरदार इसेन्शियल ट्रेमर कधी विश्रांतीतही दिसतो. म्हणून वर्षानुवर्षांचा इतिहास लागतो. इसेन्शियल ट्रेमरच्या पक्क्या निदानासाठी किमान 3 वर्षं दोन्ही हातांत कामाच्या वेळची थरथर असावी, असा 2018 पासूनचा निकष आहे.

दोन्हींच्या आधी औषधांची पिशवी टेबलावर ओता. दम्याचं सालब्युटामॉल, फिटचं व्हॅल्प्रोएट, लिथियम यांनी हात कापतात. थायरॉइड वाढला तरी कापतात, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमधलं लेव्होसल्पिराइड किंवा चक्कर येते म्हणून चालू राहिलेलं सिनारिझिन तर हुबेहूब पार्किन्सनसारखं चित्र उभं करतं. ते डॉक्टरांना विचारून बंद केलं की बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतार पडतो.

इसेन्शियल ट्रेमरवर प्रोप्रॅनोलॉल किंवा प्रिमिडोन देतात, पार्किन्सनवर लेव्होडोपा. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या पेशंटला चालत नाही, आणि ते एकाएकी थांबवायचं नसतं. थोडी दारू घेतली की इसेन्शियल ट्रेमर तासा-दोन तासांपुरता कमी होतो. ही माहिती डॉक्टरांना निदानासाठी उपयोगी, पण दारूलाच इलाज समजू नये. उतरली की थरथर जास्त जोरात येते.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना जुन्या सह्या असलेलं पासबुक, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि मोबाइलवर काढलेले दोन व्हिडिओ न्या: एक हात मांडीवर असताना, एक पाण्याचा पेला ओतताना.